पहिलं बोन्साय, नागपूरचं ऊन आणि छाटणी : कधी, किती, कुठून?

नवअंकुर | २ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बहिणीने वाढदिवसाला फायकसचं (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) बोन्साय दिलं आहे. एस आकाराचं वळणदार खोड, उथळ चिनीमातीचं भांडं, वर पांढरे खडे. आम्ही मानेवाड्याला राहतो, तिसरा मजला, गॅलरी पश्चिमेला. नर्सरीवाल्याने सांगितलं, दोन दिवसाआड कपभर पाणी द्या आणि फांद्या वाढल्या की कापत जा. आता वरच्या बाजूने लांब काड्या सुटल्या आहेत, खालच्या फांद्या मात्र विरळच. त्यात गेल्या आठवड्यापासून पानं पिवळी होऊन गळून राहिली.

व्हिडिओ बरेच पाहिले. कोणी म्हणतं वसंतात छाटा, कोणी म्हणतं कुंडी बदलून मुळं कापा, कोणी सगळी पानं खुडायला सांगतं. आपल्याकडे वसंत म्हणजे नेमका कधी धरायचा? छाटणी आत्ताच करू का? झाड फार आवडलं आहे, ते जगलंच पाहिजे. नागपुरात ज्यांनी बोन्साय सांभाळलं आहे त्यांनी कृपया सांगावं.

---

पारंबी | २ जून, रात्री १०:४०

नवअंकुर, आत्ता कात्री अजिबात हातात घेऊ नका. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) आज-उद्या संपेल, पण मृगाचा पाऊस अंगावर येईपर्यंत आपल्याकडचं ऊन ओसरत नाही. पानं टाकणारं झाड आधीच तोल सांभाळत असतं. छाटलं की ते साठवणीतलं अन्न खर्चून नवी पालवी काढायला बघतं, आणि ती कोवळी पालवी या झळांत करपते. पावसाची चांगली झड बसेपर्यंत झाड नुसतं जगवायचं.

आधी भांड्याच्या तळाला भोक आहे का ते पाहा. भेट म्हणून विकल्या जाणाऱ्या कुंड्यांमध्ये पुष्कळदा नसतं, किंवा असून बुजलेलं असतं. वरचे पांढरे खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर हलक्या हाताने काढून टाका. त्यांच्याखाली माती ओली की कोरडी ते कळत नाही आणि पाणीही सारखं मुरत नाही.

आता पाण्याचं. "दोन दिवसाआड कपभर" हा हिशोब डोक्यातून काढा. नर्सरीतल्या रोपाच्या मुळांभोवती बहुतेक वेळा चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो एकदा वाळला की वरून ओतलेलं पाणी कडेकडेने घसरून भोकातून बाहेर येतं आणि गोळा आत कोरडाच राहतो. आपल्याला वाटतं पाणी दिलं, झाड मात्र तहानलेलं. घमेल्यात पाणी घ्या, कुंडी काठापर्यंत बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की काढून निथळू द्या. हे एकदा केलं की मग रोज सकाळी बांबूची काडी मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसून पाहायची. कोरडी निघाली तर भोकातून पाणी वाहीपर्यंत द्या, ओली निघाली तर थांबा. या दिवसांत सकाळी आणि सूर्य मावळल्यावर असं दोनदाही लागेल. पुढे पावसाळ्यात चार-चार दिवस लागणार नाही. वेळापत्रक मातीला विचारून ठरतं.

पश्चिमेची गॅलरी हा मोठा प्रश्न आहे. दुपारी दोननंतरचं ऊन आणि तापलेली भिंत, दोन्ही बाजूंनी झाड भाजतं. उथळ भांड्यात माती मूठ-दोन मूठ, ती तापायला वेळ लागत नाही आणि आतली बारीक मुळं सगळ्यात आधी मरतात. भिंतीपासून दूर सरकवा. हिरवी जाळी बांधा, ५० टक्के सावलीची पुरते. पण घाबरून टीव्हीजवळ नेऊन ठेवू नका. फायकस उजेडाचं झाड आहे, आणि जागा एकदम बदलली की तेवढ्यानेही पानं टाकतं.

---

बर्डीकर | ३ जून, सकाळी ७:०५

पारंबीताई बरोबर सांगून राहिल्या. दोन गोष्टी जोडतो.

एक, कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. खोडाला नाही, फक्त भांड्याला. दुपारच्या आधी एकदा भिजवलं की आतली माती बरीच थंड राहते. खाली पसरट ताटलीत गिट्टी आणि पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवा. कुंडीचा तळ मात्र पाण्याला टेकता कामा नये.

दुसरं, कूलरच्या टाकीतलं पाणी झाडाला घालू नका. आपल्या घरोघरी हे चालतं, पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून. पण कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागेच राहतात. बोअरचं पाणी असेल तर दिवसेंदिवस ते आणखी जड होत जातं. जमिनीतल्या झाडाला चालून जाईल, मूठभर मातीतल्या झाडाला नाही. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली म्हणजे क्षार साचले असं समजायचं. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणीही तसलंच. उलट एसीचं ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, ते चालतं. पाऊस सुरू झाला की बादल्या भरून ठेवायच्या.

---

मुठाकाठ | ३ जून, दुपारी १२:३०

मी पुण्याहून. थोडं वेगळं मत मांडतो. मी सगळे फायकस फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी पालवी फुटायच्या तोंडावर छाटतो आणि त्याच वेळी कुंडी बदलतो. रिझल्ट उत्तम येतो. पावसाळ्यात मुळं कापली तर जखमा ओल्या राहून कुजतील अशी भीती वाटते. नवअंकुर यांनी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं असं मी म्हणेन.

---

पारंबी | ३ जून, रात्री ९:५०

मुठाकाठ, पुण्यासाठी तुमचं अगदी योग्य आहे. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, एप्रिलमध्येही रात्री बऱ्यापैकी निवतात. आम्ही ३१० मीटरवर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. मार्चमध्ये मुळं कापली की नवी मुळं नीट बसायच्या आत एप्रिलचा कोरडा गरम वारा सुरू होतो. ज्याच्याकडे जाळीघर आहे, दिवसातून तीनदा फवारणी करायला माणूस आहे, त्याने फेब्रुवारीच्या सुरुवातीला जरूर करावं. पहिलंच झाड असलेल्या माणसाला मी ते सांगणार नाही.

वड, पिंपळ, उंबर ही मंडळी इथे खरी धावतात ती मृगापासून पोळ्यापर्यंत. हवेत दमटपणा, आभाळ झाकलेलं, पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे कापलेली मुळंही झाडाला पुरतात. जपान-इंग्लंडच्या व्हिडिओतला वसंत म्हणजे झाड थंडीच्या झोपेतून उठतं तो काळ. आपल्या फायकसला तशी झोप लागत नाही. त्यामुळे झाड जोमाने वाढतं तो काळ आपला मानायचा, आणि विदर्भात तो पावसाळा. कुजण्याची भीती रास्त आहे, पण ती पावसापेक्षा मातीमुळे. निचरा चांगला असेल तर काही होत नाही.

---

रानवाट | ४ जून, सकाळी ८:१५

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण मनातलं विचारते. वडासारखं झाड ताटलीत कोंबायचं, त्याची मुळं तोडायची, तारेने आवळायचं. हे मला बघवत नाही. झाडाला उपाशी ठेवूनच ते बुटकं राहतं ना?

---

बर्डीकर | ४ जून, दुपारी १:२०

रानवाटताई, प्रश्न बरोबर जागी आहे. ज्याला झाड सांभाळायचं आहे त्याने हा विचार करायलाच पाहिजे.

उपाशी ठेवलेलं झाड बुटकं राहत नाही, मरतं. बोन्सायला खत, पाणी, ऊन सगळं भरपूर लागतं. ते लहान राहतं ते छाटणीमुळे. आणि कुंडीतली मुळं कापायची ती अशासाठी की दोन-तीन वर्षांत मुळांनी कुंडी गच्च भरते, पाणी मुरायला जागा उरत नाही. जाड मुळं कमी केली की अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं नव्याने फुटतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात जपानचं एक पांढरं पाइन आहे. ते १६२५ पासून कुंडीत वाढवलं गेलं आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात होतं, वाचलं, आणि १९७६ मध्ये यामाकी घराण्याने ते अमेरिकेला भेट दिलं. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी रोज पाणी घातल्याशिवाय हे होत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. माझ्याकडचे बहुतेक पिंपळ जुन्या इमारतींच्या भिंतींतून, पाण्याच्या पाइपामागून, गच्चीच्या कठड्यातून काढलेले. पक्ष्यांनी टाकलेल्या बिया. रंगकाम निघालं की त्यांच्यावर ॲसिड ओततात. मी घरमालकाला विचारतो, पावसात भिंत ओली असताना गिलावा सांभाळून मुळासकट काढतो. भिंतीत वर्षानुवर्षं राहून त्यांचं खोड असं काही पिळदार झालेलं असतं की नर्सरीत तसं मिळत नाही.

---

रानवाट | ४ जून, रात्री ८:३०

भिंतीतल्या पिंपळाचं पटलं. उपाशी ठेवत नाहीत हेही कळलं. तारेचं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण वाचते आहे. मात्र जंगलातून म्हातारी झाडं उकरून "तयार बोन्साय" म्हणून विकतात, त्याला माझा कायम विरोध राहील.

---

पारंबी | ४ जून, रात्री ९:१०

त्याला इथल्या प्रत्येकाचा विरोध असला पाहिजे. राखीव जंगलातून झाड काढणं भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि उकरलेल्या म्हाताऱ्या झाडांतली कितीतरी मरतात. नव्या लोकांनी जाड खोड स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नये. विकणाऱ्याला झाड कुठून आणलं ते विचारा, उत्तर नीट आलं नाही तर घेऊ नका.

---

नवअंकुर | २० जून, सायंकाळी ६:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. खडे चिकटवलेलेच होते, काढले. भोक होतं, पण पॉलिथिनच्या तुकड्याने बुजलेलं. घमेल्यात बुडवल्यावर बराच वेळ बुडबुडे येत राहिले. जाळी बांधली, गोणपाट लावलं. पानं गळणं थांबलं, आणि परवाच्या जोरदार पावसानंतर जवळपास प्रत्येक फांदीच्या टोकाला लालसर टोकदार कळ्या दिसून राहिल्या. आता छाटू का? कुठून सुरुवात करायची तेच सुचत नाही.

---

पारंबी | २० जून, रात्री १०:२०

वा! त्या कळ्या म्हणजे झाडाने दिलेला होकार. आता सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त झाडं इथेच बिघडतात.

कुंडी डोळ्यांच्या पातळीला ठेवा आणि फिरवून-फिरवून पाहा. बुंध्याशी वरची माती बोटाने थोडी बाजूला करा. जिकडून मुळांचा पसारा छान दिसतो आणि खोडाचं वळण उठून दिसतं, ती झाडाची पुढची बाजू. ती ठरल्याशिवाय एकही फांदी कापू नका. मग वाळलेल्या काड्या काढा. शंका असेल तिथे साल नखाने किंचित खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, वर लांब काड्या आणि खाली विरळ. झाडाचा शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे झोपलेल्या अंकुरांना, फुटू देत नाही. त्यामुळे झाडाचा सगळा जोर वर जातो. शेंडा खुडला की तो धाक जातो आणि खालचे डोळे जागे होतात. म्हणून वरच्या लांब काड्या दोन-तीन पानांवर आणा आणि खालच्या फांद्यांना या पावसाळ्यात हातच लावू नका. त्या मोकाट वाढू द्या. जितकी पानं जास्त तितकी फांदी जाड. नवशिके लोक झाडाला कुंपणाच्या मेंदीसारखं सगळीकडून सारखं कापतात. दिसायला दोन आठवडे गोल-गरगरीत दिसतं, पण वरचा भाग पुन्हा उसळतो आणि खालच्या फांद्या दरवर्षी आणखी अशक्त होत जातात. शेवटी खोड उघडं आणि वर टोपी.

काप पानाच्या थोडा वर घ्यायचा, फार लांब खुंट ठेवायचा नाही. शेवटचं ठेवलेलं पान ज्या दिशेला, नवा फुटवा त्या दिशेला. म्हणून बाहेरच्या बाजूला तोंड असलेलं पान शोधून त्याच्या वर कापा. प्रत्येक फांदीवर थोडी तरी पानं राहू द्या, उघडी बोडकी केलेली अशक्त फांदी वाळू शकते.

एस आकाराच्या खोडात वळणाच्या बाहेरच्या अंगाची फांदी ठेवतात, आतल्या अंगाची काढतात. एकाच उंचीवर समोरासमोर दोन फांद्या असतील तर पुढेमागे एकच ठेवावी लागेल, नाहीतर त्या जागी खोड फुगतं. पण ही मोठी कापणी या वर्षी नको. एका वेळी एकूण पानांच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नका, आणि खरं तर पहिल्यांदा एवढंही नको. सगळी पानं खुडण्याचा प्रकार दणकट, जुन्या झाडासाठी असतो, तुमच्यासाठी अजिबात नाही.

कात्री धारदार हवी, आधी स्पिरिटने पुसा. कापल्यावर पांढरा चीक येईल, तो ओल्या फडक्याने टिपा. हात डोळ्यांना लावू नका, फायकसचा चीक झोंबतो. काहींच्या त्वचेवर पुरळही येतं, हातमोजे घातलेले बरे. छाटल्यावर खत नको. नवी पानं पूर्ण उघडली की मग विचार करा. पुढे प्रत्येक फुटव्याला सहा-सात पानं येऊ द्यायची आणि परत दोनवर आणायचं. याच क्रमाने फांद्यांना फाटे फुटतात.

---

करडई | २१ जून, सकाळी ११:००

पारंबीताई, हा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. एक विचारू का? काटोलला आमची संत्र्याची बाग आहे. नागपुरी संत्र्याचं बोन्साय होईल का? लहानशा झाडाला संत्री लागलेली पाहायची फार इच्छा आहे.

---

बर्डीकर | २१ जून, दुपारी ३:१५

होईल, पण अडचणी दोन. बागेतली कलमं बहुधा जंभेरीच्या (लिंबाची एक जात) खुंटावर डोळा भरून केलेली. तो जोड खोडावर दिसतो आणि बोन्सायमध्ये खोडच तर दाखवायचं असतं. शिवाय छाटणीने पान लहान होतं, फळ नाही होत. हातभर झाडाला पूर्ण आकाराचं संत्रं लागलं की फांदी वाकते आणि प्रमाण बिघडतं. नर्सरीत चायनीज संत्रा म्हणून छोट्या फळांचं झाड मिळतं, ते घ्या. आणि भाऊ, बागेत मृग किंवा आंबिया बहारासाठी जसा पाण्याचा ताण देता तसा उथळ कुंडीत देऊ नका. जमिनीतलं मूळ खोल ओल शोधतं, इथे खोल काहीच नाही.

---

नवअंकुर | १० जुलै, रात्री ९:३०

छाटणी केली. खालून दोन ठिकाणी हिरवे डोळे फुटले आहेत, आणि एक अगदी खोडातून! घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता विचारायचं आहे ते मातीचं. निचरा फार हळू होतो, पाणी वर तुंबून राहतं. काही पानं मधोमध दुमडून बंद झाली आहेत, उघडली तर आत बारीक काळे किडे. आणि तार लावायची का?

---

बर्डीकर | १० जुलै, रात्री १०:१०

काळे किडे म्हणजे फुलकिडे, फायकसचे नेहमीचे पाहुणे. दुमडलेल्या पानाच्या आत फवारा पोचत नाही, म्हणून ती पानं तोडून घराबाहेर टाका. बाकी झाडावर नीम तेल आणि थोडा पातळ साबण पाण्यात घुसळून ऊन उतरल्यावर फवारा, आठवड्याने परत. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. मुंग्या चढत असतील तर फांद्यांच्या बेचक्यांत नीट पाहा, पिठ्या जवळपास असतोच.

तार या वर्षी एखाद्याच फांदीला लावून पाहा. ॲल्युमिनियमची घ्या, लोखंडी नको. फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, ४५ अंशात गुंडाळायची. ती आवळायची नसते, फांदीला नुसती टेकली पाहिजे. पावसाळ्यात फायकस इतक्या वेगाने फुगतो की महिन्याभरात तार सालीत रुतू शकते. दर आठवड्याला पाहा, आणि काढताना उलटी सोडवू नका, तुकडे करून काढा. रानवाटताईंच्या मनातली भीती खरी ठरते ती तार विसरणाऱ्या माणसामुळे.

---

पारंबी | ११ जुलै, सकाळी ८:००

खोडातून डोळा आला म्हणजे झाड जोमात आहे. आता कुंडी बदलायला हरकत नाही, ऑगस्टच्या मध्यापर्यंत केव्हाही. सलग दोन-तीन दिवस आभाळ असेल असे दिवस निवडा. आपली काळी माती मुळीच वापरू नका. कपाशीला ती सोनं आहे, पण कुंडीत भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. विटांचा चुरा चाळून घ्या, साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा आणि धूळ टाकून द्या. असा दोन भाग चुरा, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर नीमची ढेप. हातात घेऊन पाणी ओतलं तर क्षणात खाली गेलं पाहिजे.

जुना गोळा लाकडी काडीने बाहेरून आत मोकळा करा, पाण्याच्या फवाऱ्याने नाही. बुंध्याभोवतीचा थोडा राहू द्या, तो पुढच्या वेळी. गोल-गोल फिरलेली आणि सरळ खाली गेलेली जाड मुळं कापा, बारीक मुळं जपा. तिथेही तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. नव्या मातीत काडीने ठोसत माती मुळांमध्ये भरा, पोकळी राहिली तर तिथलं मूळ वाळतं. नंतर दोन आठवडे दुपारचं ऊन आणि जोराचा वारा टाळा.

आणि ती उथळ ताटली सध्या बाजूला ठेवा. खोड जाड व्हायचं असेल तर दोन वर्षं थोडी खोल, पसरट मातीची कुंडी बरी.

---

नवअंकुर | ११ जुलै, दुपारी २:२५

मातीची कुंडी आजच आणतो. एकच शेवटचं : गॅलरीत वारा बराच असतो. नव्या कुंडीत झाड हललं तर मुळं धरतील का? आणि खत कधीपासून?

---

पारंबी | ११ जुलै, रात्री ९:००

हललं तर नवी मुळं तुटत राहतात, म्हणून बांधायचं. कुंडी रिकामी असतानाच तळाच्या भोकातून ॲल्युमिनियमची तार वर घ्या. एकच भोक असेल तर खालून एक जाड काडी आडवी लावून तार तिला अडकवा. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, झाड बसवा आणि तारेची दोन टोकं मुळांच्या गोळ्यावरून घेऊन पिळा. सालीला तार लागते तिथे रबराचा तुकडा घाला. दोन महिन्यांनी कापून टाकता येईल. खत महिनाभर नको. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा, दिवाळीपर्यंत. कुंडी बदलली की पुढून आणि बाजूने असे दोन फोटो टाका, पुढच्या फांद्या त्यावरून ठरवू.